वतनापासून मिहानपर्यंत : पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, राखून ठेवलेली मजुरी आहे

खापरीच्या मेट्रो स्टेशनबाहेर सकाळी सहा-साडेसहाला उभे राहिले की मिहान कोणाच्या खांद्यावर उभे आहे ते कळते. इंजिनिअर पोरांच्या बसगाड्या नंतर येतात. आधी येतात सुरक्षा रक्षक, सफाईवाल्या बाया, कॅन्टीनची पोरे, माल चढवणारे-उतरवणारे. यातले कितीतरी इंदोऱ्याकडून, वस्त्या-वस्त्यांमधून येतात. आडनावे विचारायची गरज पडत नाही. गळ्यातल्या लॉकेटवर बाबासाहेब असतात.

गेल्या काही महिन्यांत आम्ही या माणसांशी बोलत होतो. प्रश्न साधा होता : म्हातारपणी तुम्हाला पेन्शन किती बसेल? बहुतेक जण हसले. सफाईच्या ठेक्यावर काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "पेन्शन साहेबलोकांना असते दादा, आपल्याला निराधार असते."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. आयुष्यभर काम केलेली बाई स्वतःच्या म्हातारपणाला 'निराधार' हे नाव देते, कारण सरकारी योजनेचे नावच तसे आहे. एकाला निवृत्तिवेतन, म्हणजे वेतन. दुसऱ्याला अनुदान, म्हणजे दया. काम दोघांनीही केले. मग हा फरक आला कुठून? आमचे म्हणणे असे की या फरकाची मुळे जातीत आहेत आणि त्याविरुद्धची लढाई हा आपल्या चळवळीचा जुना, अर्धवट राहिलेला धडा आहे.

वतन : पगार नाही, सुट्टी नाही, निवृत्ती नाही

महार वतन म्हणजे काय होते? नोकरी सरकारची आणि गावाची, पण ठरलेला पगार नाही. थोडी इनाम जमीन, नावापुरते पैसे, आणि बाकी बलुते, म्हणजे गावाने मर्जीप्रमाणे घातलेले धान्य. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही गुलामी कागदावर पक्की केली. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला त्या कामावर जावे लागे. रात्र नाही, दिवस नाही.

या नोकरीत निवृत्तीची कल्पनाच नव्हती. बाप थकला की मुलगा उभा राहायचा. म्हणजे म्हाताऱ्याची पेन्शन त्याच्या मुलाच्या स्वातंत्र्यातून वळती होत होती. मुलगा शाळेत गेला तर काम कोण करणार आणि बलुते कोण आणणार? वतन हे माणसाला जातीला आणि गावाला बांधून ठेवणारे दावे होते.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात हा कायदा सुधारण्याचे विधेयक आणले ते उगाच नाही. वतनी कामाचा मोबदला ठरलेला असावा, तो गावाच्या लहरीवर राहू नये, ही त्यामागची भूमिका. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा आला १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

वतन गेले, पण त्याची सावली राहिली. आपल्या मध्य प्रांतात गावकामगार म्हणजे कोतवाल, आणि ते काम बहुतेक ठिकाणी महारांकडेच असायचे. आजही राज्यातला कोतवाल मानधनावर आहे. २०२४ मध्ये सरकारने त्याचे नाव बदलून 'महसूल सेवक' केले. चतुर्थ श्रेणीचा दर्जा द्या, ही त्यांची वर्षानुवर्षांची मागणी मात्र तशीच आहे. नाव नवे, हिशेब जुना.

फौजेची पेन्शन आणि चळवळीचा जन्म

आता दुसरे चित्र बघा. त्याच समाजातली काही माणसे इंग्रजांच्या फौजेत गेली. तिथे ठरलेला पगार होता, हुद्दा होता, फौजी शाळा होती, आणि नोकरी संपल्यावर पेन्शन होती. इंग्रजांनी हे प्रेमापोटी केले नाही. त्यांना सैनिक हवे होते. पण परिणाम काय झाला ते महत्त्वाचे.

पेन्शन घेतलेला महार सैनिक गावाच्या बलुत्यावर अवलंबून नव्हता. पाटलाने डोळे वटारले तरी त्याची चूल बंद होत नव्हती. कोकणात दापोलीला अशा पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि लष्करभरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या छावणीतून १८९४ च्या सुमारास निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन दापोलीला आले. पुढे साताऱ्याला नोकरी केली, मग मुंबईला. घर मोठे, हाल पुष्कळ. पण भीमरावांची शाळा सुटली नाही. त्यात रामजीबाबांची जिद्द होती, हे निर्विवाद. त्या जिद्दीच्या पाठीशी दरमहा येणारी पेन्शन होती, हेही तितकेच खरे.

म्हणूनच १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा केवळ नोकऱ्या गेल्या नाहीत. गावाबाहेर पडण्याची वाट बुजली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पेन्शनला हात लागणे म्हणजे पुढच्या पिढीच्या शिक्षणाला हात लागणे, हे त्या पिढीला पक्के कळले होते. ते आपल्याला कळते का?

मालकाची माया आणि कामगाराचा हक्क

नागपूरला या विषयात आणखी एक जुना अध्याय आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली. या गिरणीने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई द्यायला सुरुवात केली. त्या काळात ही फार पुढची गोष्ट होती, हे मान्य केले पाहिजे.

पण मालकाने दिलेली पेन्शन मालकाच्या मनावर असते. एका गिरणीत आहे, शेजारच्या गिरणीत नाही. शिवाय गिरणीत शिरल्यावर जात बाहेर राहत नव्हती. मुंबईत विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, अस्पृश्यांना घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. ज्याची मजुरी कमी, त्याच्या म्हातारपणाची शिदोरीही कमी. जात तरुणपणी मजुरी कापते आणि म्हातारपणी पुन्हा एकदा कापते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपल्याकडे समाजमाध्यमांवर सांगतात की प्रॉव्हिडंट फंड, विमा, सगळे बाबासाहेबांनीच केले. इतिहास नीट सांगितला पाहिजे, कारण खरा इतिहासच पुरेसा मोठा आहे. त्यांच्या मजूर खात्याच्या काळात, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये आडारकरांचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे ईएसआय, उभा राहिला. तो मंजूर झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा.

ईएसआयचा गाभा समजून घ्या. कामावर हात गेला, पाय गेला, तर कामगाराने मालकाच्या दारात हात पसरायचा नाही. त्याने आणि मालकाने दरमहा वर्गणी भरली आहे. त्या फंडातून त्याला अपंगत्वाचे पैसे मिळतील, मेला तर अवलंबून असलेल्यांना मिळतील. आज हा दर सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के आहे. कायमचे अपंगत्व अर्धवट असेल तर कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात. मालकाच्या मायेच्या जागी कामगाराचा हक्क आला.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेब आणखी पुढे गेले. विमा व्यवसाय सरकारच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात सक्तीचा आयुर्विमा असावा, अशी तरतूद त्यांनी सुचवली. प्रत्येक प्रौढ नागरिक! सरकारी नोकर, गिरणी कामगार, शेतमजूर असा भेद नाही. आणि ही तरतूद राज्यघटनेतच असावी, म्हणजे बहुमत बदलले तरी हलणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

तसे झाले नाही. घटनेत अनुच्छेद ४१ आला : म्हातारपण, आजार, अपंगत्व यांत राज्याने साह्य करावे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये गेला, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. आणि त्याला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी दोरी बांधली. त्या दोरीचे टोक अर्थखात्याच्या हातात आहे.

तारखेने पाडलेली भिंत

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात निकाल दिला. केंद्राने सुधारित पेन्शन ३१ मार्च १९७९ पासून निवृत्त होणाऱ्यांनाच दिली होती. न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारची खैरात नाही, ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे. आणि नुसत्या तारखेवरून एकसारख्या पेन्शनरांत भेद करणे समतेच्या हक्काला धरून नाही. पेन्शनर आजही १७ डिसेंबर हा दिवस पाळतात.

आणि मग काय झाले? तारखेचीच नवी भिंत आली. केंद्रात १ जानेवारी २००४, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५. त्या तारखेपासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि अंशदान योजना आली. म्हातारपण शेअर बाजाराला जोडले गेले. सरकार म्हणते, नव्याने लागणाऱ्यांना अटी आधीच ठाऊक होत्या. ठीक. पण २००५ च्या आसपास सरकारी नोकरीत पहिल्यांदा शिरणारी घरे कोणाची होती, हे कोणी विचारले? ज्यांच्या घरात दोन पिढ्या पेन्शन खाऊन झाल्या होत्या त्यांच्याकडे फ्लॅट होते, ठेवी होत्या. ज्यांचा अनुशेष वर्षानुवर्षे रखडला, ज्यांच्या घरातला पहिला माणूस उशिरा लागला, तो दारात आला तेव्हा नेमके दार बदलले होते.

सर्वांत क्रूर प्रकार अपंगत्व आणि मृत्यूच्या बाबतीत झाला. जुन्या नियमांत सेवेत असताना कर्मचारी गेला तर कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन, आणि कायमचा आजारी पडला तर रुग्णता निवृत्तिवेतन होते. नव्या योजनेतल्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी हे फायदे लागू करणारा शासन निर्णय निघाला ३१ मार्च २०२३ रोजी. कधी? १४ ते २० मार्च २०२३ या सात दिवसांच्या राज्यव्यापी संपानंतर. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे आले तेव्हा कुठे सरकारला जाग आली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. संघर्षाशिवाय यातला एक रुपयाही आलेला नाही.

आणि मिहान?

दीक्षाभूमीवरून वर्धा रोडने निघालो की विमानतळ ओलांडून मिहान लागते. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची हजारो एकर जमीन या प्रकल्पात गेली. सातबारा होता त्याला मोबदला मिळाला. तो पुरेसा होता का, हा वाद वेगळा. पण ज्याचा सातबाराच नव्हता त्या भूमिहीन शेतमजुराचे काय? त्याची रोजी त्याच जमिनीवर होती. ती जमीन गेली तेव्हा त्याचे नाव कोणत्याही यादीत नव्हते. त्याचीच मुले आज त्या जागेवर ठेकेदाराचा गणवेश घालून उभी आहेत.

नागपूरच्या आंबेडकरी मध्यमवर्गाला घडवले रेल्वेने, पोस्टाने, वेकोलिने, अंबाझरीच्या आयुध निर्माणीने. तिथे आरक्षण होते आणि पेन्शन होती. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या. मिहानमध्ये तर सुरुवातच खासगी. आरक्षण नाही, आणि खालच्या कामाला थेट नोकरीही नाही, मधे ठेकेदार.

आता कर्मचारी पेन्शन योजनेचा, म्हणजे ईपीएस-९५ चा, हिशेब मांडू. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पगाराची कमाल मर्यादा धरली जाते १५,००० रुपये. म्हणजे सलग १० वर्षे भरली तर महिन्याला सुमारे २,१४२ रुपये. ३५ वर्षे भरली तर ७,५००. आणि १० वर्षांना कमी पडलात तर मासिक पेन्शनच नाही, जमा रकमेचा काही भाग घेऊन घरी जा. किमान पेन्शन १,००० रुपये; ती सप्टेंबर २०१४ पासून तिथेच आहे. ती वाढवा म्हणून ईपीएसचे पेन्शनर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण करत आले.

ठेका दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. नवा ठेकेदार नवे खाते उघडतो, जुने खाते जोडले जात नाही, आधारवर नाव वेगळे, बँकेत वेगळे. माणूस एकाच फाटकावर बारा वर्षे उभा असतो. कागदावर त्याची सेवा तीन तुकड्यांत पडलेली असते. आम्हाला भेटलेल्यांपैकी कित्येकांना आपला यूएएन क्रमांक माहीत नव्हता.

मग उरते 'निराधार'. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५०! लाडक्या बहिणीसाठी हीच मर्यादा अडीच लाख. निराधार म्हातारीचे मत कमी मोजतात का? केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा आजही २०० रुपये आहे.

दिव्यांगांचे बघा. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम द्यावी. महाराष्ट्र सरकार २०२५ पर्यंत दोघांनाही सारखेच १,५०० देत होते. म्हणजे कायदा असताना तो पाळला जात नव्हता. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी रक्कम २,५०० झाली, तीही आंदोलनांच्या रेट्यानंतर. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बच्चू कडूंच्या आंदोलकांनी कर्जमाफीसाठी नागपूर-वर्धा महामार्ग अडवला. मिहानच्या अंगणातला हा रस्ता. त्या गर्दीत निळे झेंडे किती होते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९४८ चा विमा कायदा, १९५२ चा फंड कायदा तिच्यात विरघळले. मुदतीच्या कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटी, हे त्यातले चांगले. पण ठेकेदार बदलला की तुटणारी सेवा कोण जोडणार?

आपल्या घरातला प्रश्न

आता थोडे आपल्याविषयी. बामसेफच्या काळापासून आपली चळवळ पेन्शनवाल्या, पगारदार माणसाच्या पैशावर आणि वेळेवर उभी राहिली. विहारे, वाचनालये, जयंतीची वर्गणी, मुलांच्या शिकवण्या. यामागे निवृत्त रेल्वेवाले, शिक्षक, नर्सबाई असतात. दापोलीच्या पेन्शनरांची ती परंपरा आहे. तिला आमचा सलाम.

पण जुन्या पेन्शनच्या मोर्चात जाणारा कर्मचारी आपल्याच कार्यालयातल्या ठेक्यावरच्या सफाई कामगाराचे नाव घेतो का? सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द केला. ओरड झाली कारण त्या वेळी शिकलेल्या मुलांची नोकरी धोक्यात होती. झाडूवाल्याचे काम कित्येक वर्षांपूर्वी ठेक्यावर गेले तेव्हा एवढी ओरड झाली नव्हती. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द बाबासाहेबांनी दिला. ती आपल्यातही शिरते.

उपाय नाहीत असे नाही, आणि ते परके नाहीत. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा आणि १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. कामगाराची नोंद मंडळाकडे. मालक बदलला तरी फंड, ग्रॅच्युइटी मंडळाकडे चालू. म्हणजे सेवा ठेकेदाराची नाही, कामगाराची. ही पद्धत मिहानच्या प्रत्येक ठेका कामगाराला लावा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. दुसरी, ईपीएसच्या किमान पेन्शनला महागाई जोडा. तिसरी, २१,००० ची अट काढा आणि 'निराधार' हे नावही काढा. काम करून थकलेल्या माणसाला निवृत्तिवेतन म्हणा. चौथी, कलम २४ प्रमाणे दिव्यांगांची रक्कम आपोआप वाढली पाहिजे, उपोषण करून नव्हे.

आणि मागण्यांची वाट न पाहता एक काम तरुणांनी उद्यापासून करावे. दर रविवारी विहारात एक टेबल लावा. पाच जणांचे यूएएन काढून द्या, तुटलेली खाती जोडून द्या, ईएसआय कार्ड तपासा, कोणाचे दिव्यांग प्रमाणपत्र अडले असेल तर सोबत जा. आम्ही हे सुरू केले आहे. पहिल्या रविवारी त्या सफाईवाल्या ताई आल्या होत्या. त्यांची सेवा कागदोपत्री तीन ठिकाणी तुटलेली निघाली. जोडली तर दहा वर्षे भरतात.

अर्ज गेला आहे. रक्कम दोन हजारांच्या आसपास बसेल, फार नाही. पण तिला निराधार म्हणता येणार नाही.

जय भीम! जय संविधान!